डबल सीट बसल्यावर बाइक मागून बसते? वजनानुसार असं करा शॉकअपचं सेटिंग

अंधेरी ते बोरिवली एकट्याने जाताना बाइक मस्त चालते. मागे कुणी बसलं की मात्र त्याच स्पीडब्रेकरवर 'ठक्क' आवाज येतो. शॉकअप गेले असं समजून नवे टाकण्याआधी एक गोष्ट तपासा : प्रीलोड.

प्रीलोड म्हणजे काय?

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला लागून एक खाचांची रिंग असते. हिरो स्प्लेंडर प्लसमध्ये तिला 5 स्टेप आहेत, रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 मध्ये 6. स्टेप वाढवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. त्यामुळे स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज आहे. वजन पडल्यावर बाइक किती खाली बसेल, एवढंच बदलतं.

फरक काय पडतो?

मागे बसणाऱ्याचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं. मागची बाजू जास्त बसली की पुढचं चाक हलकं होतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. जेव्हीएलआर किंवा मुलुंडच्या एलबीएस रोडवर खड्डा आला, तर शॉकअपला दबायला जागाच उरत नाही आणि झटका थेट कमरेत बसतो. उलट, हलक्या माणसाने रिंग फुल टाइट ठेवली तर चाक उडतं, रस्त्यावरची पकड कमी होते.

सेटिंग कसं तपासायचं?

1. आधी टायरमधली हवा मॅन्युअलप्रमाणे भरा.
2. बाइक मेन स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी हवं. चाकाच्या अॅक्सलपासून सरळ वर पॅनेलवर खूण करा आणि अंतर मोजा.
3. बाइक स्टँडवरून काढा. हेल्मेट, बॅगेसह बसा. डबल सीट जाणार असाल तर दोघंही बसा. एकाने बाइक धरायची, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं.
4. दोन मापांतला फरक म्हणजे 'सॅग'. चाक एकूण जितकं वर-खाली होतं, त्याच्या पाव ते एक तृतीयांश सॅग साधारण योग्य. म्हणजे 100 मिमीला 25 ते 33 मिमी.

सॅग जास्त असेल तर स्टेप वाढवा, कमी असेल तर उतरवा.

हे लक्षात ठेवा

- सायलेन्सर थंड झाल्यावरच टूलकिटमधल्या हुकच्या पान्याने रिंग फिरवा.
- दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच स्टेपवर हवेत.
- मोनोशॉकची रिंग आत असते. हात पोहोचत नसेल तर मेकॅनिककडे द्या.
- तेल गळत असेल किंवा खड्ड्यानंतर बाइक डुलत राहत असेल, तर शॉकअप दुरुस्त करावा किंवा बदलावा लागतो. रिंग फिरवून उपयोग नाही.
- प्रीलोड वाढवल्याने बाइकची वजन पेलण्याची क्षमता वाढत नाही. मॅन्युअलमधली मर्यादा तीच राहते.

रोज दोघं जात असाल तर डबल सीटचं सेटिंग कायम ठेवा. कधीतरीच कुणी बसत असेल, तर नंतर रिंग पुन्हा एकट्याच्या स्टेपवर आणा.