वस्तूविना वास्तव

पोफळी या नावात झाड आहे. संस्कृत 'पूगफल' म्हणजे सुपारी. त्याचे झिजत झिजत पोफळ झाले आणि झाड झाले पोफळी. चिपळूण तालुक्यातले हे गाव मात्र महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कोयनेच्या वीजघरामुळे, आणि तेही डोंगराच्या पोटातल्या. एखाद्या प्रयोगशील दिग्दर्शकाला ते दाखवायचे तर कॅमेरा घेऊन बोगद्यातून आत जावे लागेल. एआयला चार शब्द पुरतात. जनित्रे, ओल्या भिंती, पिवळा उजेड, सारे पडद्यावर येईल, आणि त्यातले काहीच पोफळीतले नसेल.

अशा चित्राला 'वास्तववादी' म्हणताना मी अडखळतो. वास्तव हे 'वस्तु'पासून झाले, आणि वस्तूच्या मुळाशी 'वस्' म्हणजे राहणे. वस्ती, वास्तू, वास्तव्य हे शब्दही त्याच धातूचे. जे कुठेतरी राहते, ते वास्तव. नुसते हुबेहूब दिसणे या शब्दाला कधीच पुरेसे नव्हते.

सिनेमाने खोटेपणा पहिल्यापासून केला. दादासाहेब फाळके तर ट्रिकदृश्यांचे उस्ताद. 'राजा हरिश्चंद्र'मधली (1913) तारामती म्हणजे अण्णा साळुंके. तारामती खोटी, पण साळुंके खरे. लुगडे नेसून ते उन्हात उभे राहिले आणि तो उजेड फिल्मवर उमटला. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली. पडद्यावर रोप क्षणात वाढते. तो काळ बनावट आहे, वाटाणा नाही. आपल्या प्रयोगशील सिनेमाची सुरुवात मला कथापटापेक्षा या रोपातच दिसते.

एआयचे चित्र असंख्य छायाचित्रांवर पोसलेले असते, म्हणजे वस्तू त्यामागेही आहेत, असे कुणी म्हणेल. आहेत, पण विरघळून. कोणत्याही एका वस्तूकडे बोट दाखवता येत नाही. रुमानियाचा दिग्दर्शक राडू जूड याने 'ड्रॅक्युला'त (2025) एआयची ओबडधोबड दृश्ये न लपवता वापरली. मला तो मार्ग प्रामाणिक वाटतो, कारण तिथे चित्र स्वतःला वास्तव म्हणवून घेत नाही.

'प्रतिमा' हा शब्द इथे चालेल. त्यात 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे, आणि 'माया'ही बहुधा त्याचीच. अडचण येते ती श्रेयनामावलीत. आपण तिथे 'छायालेखन' लिहितो. छाया पडायला उजेडात कुणीतरी उभे असावे लागते. जिथे कुणीच उभे नव्हते, तिथे छायालेखन लिहू नये. 'प्रतिमानिर्मिती' लिहावे, आणि तेही पहिल्या दृश्याच्या आधी, प्रेक्षकाला वाचता येईल अशा अक्षरात.