झाडाच्या सालीवरचा सातबारा

संग्रहालय म्हटलं की आपल्याला भली मोठी इमारत आठवते. आज ज्या संग्रहालयाबद्दल बोलायचं आहे ते तासाभरात बघून होतं. मला मात्र तिथे दोन दिवस लागले, आणि त्यातला बराच वेळ दोनच चित्रांसमोर गेला. ती दोन चित्रं आणि त्यांच्याशी जोडलेला जमिनीचा प्रश्न, हा आजचा विषय.

हे संग्रहालय ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँड नावाच्या प्रदेशात आहे. डार्विनहून विमानाने पूर्वेकडे तासाभराहून थोडं जास्त अंतर. उतरल्यावर आधी लागतं नुलुनबाय, खाणीसाठी वसवलेलं गाव. तिथून गाडीने थोडं पुढे गेलं की समुद्रकाठी यिरकला. इथल्या मूळ रहिवाशांना योलंगू म्हणतात. त्यांच्या चित्रकारांनी १९७० च्या दशकात मिशनच्या जुन्या दवाखान्यात स्वतःचं कलाकेंद्र सुरू केलं. त्याचं नाव बुकु-लार्नगाय मुल्का. उगवत्या सूर्याचं पहिलं ऊन चेहऱ्यावर पडतं, ती जाणीव म्हणजे बुकु-लार्नगाय. मुल्का म्हणजे सांभाळून धरणं. संग्रहालयाची इमारत १९८८ साली उभी राहिली. गंमत बघा, पैसा आला तो इंग्रजांच्या आगमनाला दोनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने दिलेल्या सरकारी निधीतून!

ॲबोरिजिनल चित्र म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना ठिपकेच आठवतात. ती शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. कॅनव्हासवर आणि फळ्यांवर ती आली १९७१ नंतर, पापुन्या या वस्तीतून. यिरकलाची गोष्ट वेगळी आहे. इथे चित्र काढतात निलगिरीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीवर. पावसाळ्यात झाडात रस भरलेला असतो, तेव्हा साल अखंड सुटते. ती आगीवर शेकतात, वजन ठेवून सपाट करतात. रंग मातीचे आणि दगडाचे: तांबडा, पिवळा, पांढरा. काळा कोळशातून किंवा काळ्या दगडातून. आणि कुंचला असतो माणसाच्या थोड्याशा लांब केसांचा. त्याने एकमेकींना छेदणाऱ्या इतक्या बारीक रेषा ओढतात की चित्र लकाकायला लागतं.

या रेषांच्या नक्षीला ते मिन्जी म्हणतात. आता महत्त्वाचा मुद्दा ऐका. ही नक्षी कोणीही, कुठलीही काढू शकत नाही. प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली, आणि ती त्या कुळाच्या जमिनीशी बांधलेली. मूळ पूर्वज या भूमीवरून चालत गेले. त्यांनी जिथे काठी रोवली तिथे पाणी लागलं, जिथे ते थांबले तिथे त्या त्या कुळाला जमीन, भाषा आणि विधी मिळाले, अशी त्यांची धारणा आहे. ती वाट, तो पाणवठा, तो खडक चित्रात असतो. दुसऱ्या कुळाची नक्षी परवानगीशिवाय काढणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर आपलं नाव लावणं.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. आपला सातबारा काय सांगतो? सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर, बारामध्ये तिच्यात काय पिकतं. या चित्रांतही जमीन कोणाची हे असतं, आणि तिथे पाणी कुठे, कंद कुठे, मासे कुठे हेही असतं. फरक एकच, पण मोठा. सातबाऱ्यावरचं नाव खरेदीखत झालं की बदलतं. इथे विक्री नाही, त्यामुळे फेरफारही नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कोर्टात तोच आडवा येणार आहे.

आणि हे लोक जगापासून तुटलेले होते असंही समजू नका. सुलावेसी बेटावरच्या मकासरचे खलाशी मोसमी वाऱ्यांबरोबर दरवर्षी इथे यायचे, समुद्रकाकडी गोळा करायला. निदान अठराव्या शतकापासून १९०७ पर्यंत हे चाललं. खलाशी तंबाखू, कापड, लोखंड द्यायचे आणि हंगाम संपला की परत जायचे. त्यांच्याकडून योलंगू भाषेत अनेक शब्द आले. पैशाला योलंगू काय म्हणतात माहितीये? रुपिया! संस्कृत रूप्य, त्यातून आपला रुपया, मलय भाषेतला रुपियाह, आणि तिथून जहाजाने आर्नहेम लँड. म्हणजे परक्या माणसाशी देवघेव कशी करायची, हे या लोकांना चांगलं माहीत होतं.

आता त्या दोन चित्रांकडे येऊ. त्यांची स्लाइड मी मुद्दाम दाखवत नाही. चित्रावर अधिकार कोणाचा, हाच तर आपला विषय आहे.

यिरकलात मेथडिस्ट मिशन आलं १९३५ साली. १९६२-६३ मध्ये तिथे नवीन चर्च बांधलं जात होतं. त्याच सुमारास कुजबुज सुरू झाली की इथल्या जमिनीत बॉक्साइट आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, आणि सरकार जमीन खाणीला देणार आहे. योलंगू समाजाचे दोन भाग असतात, धुवा आणि यिरित्जा. माणूस, प्राणी, झाड, वारा, सगळं यातल्या एका भागात मोडतं. लग्न विरुद्ध भागातच करायचं, आपल्याकडे सगोत्र चालत नाही तसं. दोन्ही भागांतले वडीलधारे एकत्र बसले आणि चर्चसाठी दोन मोठी चित्रं रंगवली, बारा बारा फूट उंच. एकात धुवा कुळांच्या जमिनी, दुसऱ्यात यिरित्जांच्या. मावालान मारिका, त्यांचा मुलगा वांजुक, मुंगुरावुय युनुपिंगू, नारित्जिन मायमुरू, बिरिकित्जी गुमाना, असे मोठमोठे चित्रकार त्यात होते. ख्रिस्ताच्या वेदीशेजारी त्यांनी आपल्या जमिनीचे उतारे उभे केले, असंच म्हणा ना.

१९६३ च्या सुरुवातीला पंतप्रधान मेंझीस यांच्या सरकारने राखीव प्रदेशातला तीनशे चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा खाणीसाठी वेगळा काढला. तिथे राहणाऱ्यांना विचारलं नाही. जुलैमध्ये विरोधी मजूर पक्षाचे खासदार किम बीझली यिरकलाला आले. त्यांनी चर्चमधली ती दोन चित्रं पाहिली आणि सुचवलं की संसदेला अर्ज करा, आणि त्याला तुमच्या चित्रांची चौकट द्या.

मग जे झालं ते जगाच्या इतिहासात क्वचितच झालं असेल. गुमाज आणि इंग्रजी भाषेत अर्ज टंकलिखित केला, कागद सालीवर चिकटवला आणि भोवती नक्षी रंगवली. अर्जात म्हटलं होतं की जमीन आम्हाला न सांगता काढून घेतली, तिथे आमची शिकार आहे, पवित्र जागा आहेत, आणि डार्विनच्या लाराकिया लोकांचं जे झालं ते आमचं होईल अशी भीती वाटते. १४ ऑगस्ट १९६३ ला अर्ज संसदेत मांडला गेला. मंत्री पॉल हॅस्लक यांनी सह्यांवरच शंका घेतली. इतक्या थोड्या सह्या, त्यांना समाजाचं मत कसं म्हणायचं? तर २८ ऑगस्टला दुसरा अर्ज आला, आणि सोबत अंगठे! आपल्याकडच्या जुन्या कागदांवर अंगठे पाहिलेल्या माणसाला ते वाचून गलबलतं.

संसदेने समिती नेमली. समितीने भरपाईची आणि पवित्र जागा राखण्याची शिफारस केली. खाण मात्र थांबली नाही. तेव्हा योलंगू कोर्टात गेले. २७ एप्रिल १९७१ ला न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांचा निकाल आला. हा निकाल वाचण्यासारखा आहे, कारण न्यायाधीश प्रामाणिक होते. या लोकांकडे सूक्ष्म आणि सुसंगत कायदा आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण इंग्रजी कायद्यातल्या मालकीची जी लक्षणं, विकणं, दुसऱ्याला मज्जाव करणं, ती त्यांना इथे दिसेनात. जमीन कुळाची आहे म्हणण्यापेक्षा कूळच जमिनीचं आहे असं म्हणणं सोपं जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आणि म्हणून योलंगू हरले. मघाशी म्हटलं होतं ना, फरक आडवा येणार. ज्या नात्याला मोडच नाही, ते नातं कायद्याला मालकीपेक्षा कमी वाटलं.

त्या चित्रांचं पुढे काय झालं? १९७४ मध्ये चर्चने ती टाकून दिली. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, कलाकेंद्राने ती वाचवून आणली. आज ती या छोट्या संग्रहालयात आहेत.

त्या पराभवाचा परिणाम मात्र मोठा झाला. योलंगूंचे वकील एडवर्ड वुडवर्ड यांचाच आयोग नेमला गेला, आणि १९७६ मध्ये उत्तर प्रदेशासाठी, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीसाठी, जमीनहक्काचा कायदा झाला. १९९२ च्या माबो निकालात उच्च न्यायालयाने मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क देशभर मान्य केला.

चित्रं काढणंही थांबलं नाही. १९९६ मध्ये ब्लू मड बे भागात, मगरीच्या पवित्र जागेजवळ, बेकायदा मासेमारीचा तळ सापडला. तिथे पोत्यात मगरीचं कापलेलं मुंडकं होतं. ती मगर त्या कुळाची पूर्वज. उत्तर म्हणून ४७ चित्रकारांनी ८० सालींवर समुद्राचे हक्क रंगवले. समुद्राच्या हक्काचा खटलाही लढवला गेला, आणि ३० जुलै २००८ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला. ॲबोरिजिनल जमिनीवर भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं-उतरतं, तिथल्या मासेमारीला त्यांची परवानगी लागेल.

आता शेवटचा धागा. मुंगुरावुय युनुपिंगू यांचा मुलगा गालारवुय १९७१ च्या खटल्यात दुभाषा होता. पुढे तो योलंगूंचा सर्वांत मोठा नेता झाला. खाणीसाठी घेतलेल्या जमिनीच्या भरपाईचा दावा त्याने २०१९ मध्ये लावला. १२ मार्च २०२५ ला उच्च न्यायालयाने मान्य केलं की असा हक्क हिरावला असेल तर राज्यघटनेप्रमाणे न्याय्य भरपाई द्यावी लागते. बापाच्या चित्रापासून इथवर बासष्ट वर्षं गेली. गालारवुय २०२३ मध्येच वारला होता.

आपण इतिहासाचे लोक कागदाला फार मानतो. सनद आहे का, बखर आहे का, शिक्का खरा का, हे विचारलंच पाहिजे. पण यिरकलातून परतताना मला आपल्या धंद्याची थोडी लाज वाटली. कागद चित्राच्या रूपात समोर उभा होता, बारा फूट उंच. तो वाचणारा कोणी नव्हता, आणि तरी नोंद झाली ती कागद नसल्याची. पुढच्या वेळी कुठल्याही आदिवासी घराच्या भिंतीवरचं किंवा छोट्या संग्रहालयातलं चित्र बघाल, तेव्हा सुंदर आहे म्हणून पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारा: हे काढायचा अधिकार कोणाला आहे, आणि का?

इथेच थांबतो.