प्यादेमात आणि बुर्जी

वर्ध्यात पंडित कवी शिकवताना विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : चित्रबंधात इतकी बंधने कशासाठी? बुद्धिबळातील कूट रचणाऱ्यालाही तो विचारता येईल.

तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत कूटग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८१४ साली मुंबईत छापला गेला. त्यातील डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. ही जुळवणी वाटते तितकी निरुपद्रवी नव्हे.

आपल्याकडच्या जुन्या खेळात प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की 'बुर्जी' होई. ती अर्धीच जीत. पूर्ण मात हवी, तर त्याचे एखादे मोहरे जिवंत ठेवणे भाग असे. त्यातही प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. साहजिकच कूटकाराला काळ्याचे एखादे प्यादे कोपऱ्यात जपावे लागे आणि वजीर-हत्तींनी सहज होणारी मात टाळून शेवटचा घाव प्याद्याकडे सोपवावा लागे.

पुढे युरोपात कूटरचनेचे संकेत निराळे घडले. पहिली खेळी एकच असावी, ती शक्यतो शह देणारी नसावी, पटावर एकही मोहरे निरुपयोगी नसावे. या कसोटीवर कोपऱ्यातले ते प्यादे दोष ठरते. बुर्जीचा नियम गेला आणि प्याद्याचे प्रयोजनही गेले. उरला तो केवळ ठपका.

गंमत अशी, की दिल्लीतील पाद्री लव्हडे यांनी 'शागिर्द' या नावाने पाठवलेले कूट १८४५ साली लंडनच्या नियतकालिकात आले आणि 'इंडियन प्रॉब्लेम' म्हणून गाजले. उंट दूर सरकतो, हत्ती त्याची वाट अडवून कोंडलेल्या राजाला हलण्यास जागा देतो आणि मग बाजूला होत मात करतो. नंतरच्या काटेकोर संकेतांत तेही निर्दोष नाही. खेळ्यांच्या क्रमाला पर्याय उरतात. तरी त्यातील कल्पनेवरून एका रचनाप्रकाराला नाव मिळाले. तिथे दोष क्षम्य ठरला, कारण वाचकाला हेतू कळला होता.

तेवढी सवलत आपल्या जुन्या कूटांनाही मिळावी. रचनेचे बंधन हे खेळाच्या मूल्यकल्पनेतून येते. ती न जाणता केलेले परीक्षण, कूटाचे असो वा काव्याचे, परक्या पटावर आपली मोहरी मोजण्यासारखे आहे.