आट्यांचे माप आणि हत्यारांची उसनवारी

१

मराठीत ‘उसने’ हा शब्द दोन भिन्न व्यवहारांना लावला जातो. शेजारच्या घरून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत जाते ती तीच साखर नसते; तितकीच व तशीच दुसरी साखर असते. परंतु मोटारसायकलीचे चाक काढण्यासाठी स्नेह्याकडून पाना उसना आणला, तर तोच पाना परत करावा लागतो. रोमन कायद्याने या दोन व्यवहारांना म्यूटुअम आणि कोमोडाटुम अशी वेगळी नावे दिली. आपल्याकडेही हा भेद अपरिचित नव्हता. पाणिनीने ‘आपमित्यक’ आणि ‘याचितक’ हे दोन शब्द एकाच सूत्रात साधले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या प्रकरणी परतफेडीच्या बोलीवर आणलेल्या धान्याला ‘आपमित्यक’ म्हटले आहे. उलट ‘याचित’ म्हणजे विवाहादी प्रसंगी मागून आणलेली वस्त्रे, अलंकार इत्यादी, असे विवरण याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत सापडते. कामापुरता मागून आणलेला पाना हा या अर्थाने याचितक होय.

वाहनांची हौस असलेल्या मंडळींत हत्यारांची जी देवघेव चालते, तिचा विचार बहुधा औदार्य, मैत्री, शेजारधर्म या अंगांनी केला जातो. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. दागिना कोणाच्याही गळ्यात घालता येतो. पाना मात्र कोणत्याही नटाला बसत नाही. देणाऱ्याचे मन कितीही मोठे असले, तरी त्याच्या पान्याचे माप आणि घेणाऱ्याच्या नटाचे माप एक नसेल, तर देवघेव संभवतच नाही. म्हणून हत्यारांच्या उसनवारीचा इतिहास हा प्रथम मापांच्या प्रमाणीकरणाचा इतिहास आहे. मापांच्या या इतिहासातून उसनवारी करणारे समाज कसे घडले, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल याची शाश्वती नव्हती. जोसेफ व्हिटवर्थ याने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांच्या सरासरीवरून १८४१ साली एकच पद्धती सुचविली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि बोल्टच्या प्रत्येक व्यासाला इंचामागे आट्यांची ठरलेली संख्या, हे तिचे स्वरूप होते. येथे व्हिटवर्थची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने नवी भाषा निर्माण केली नाही. प्रचारात असलेल्या बोलींवरून प्रमाणभाषा सिद्ध केली.

अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांचा कोन पुरस्कारिला. व्हिटवर्थच्या आट्यांची टोके गोलाकार असल्याने ते कापण्यास विशेष कौशल्य लागे. सेलर्सचे सपाट टोकांचे आटे सामान्य कारागिरासही कापता येत. परिणाम असा झाला की अर्ध्या इंचाच्या बोल्टवर इंग्लंडात इंचामागे १२ आटे, तर अमेरिकेत १३ आटे पडू लागले. युरोप खंडात मेट्रिक मापे रूढ झाली, आणि एका कारागिरीच्या तीन भाषा झाल्या.

पान्यांची नावे ठेवण्याची रीतही यांत निराळी होती. ब्रिटिश पान्यावरील आकडा बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. अमेरिकन मोटारींच्या पान्यावरील आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर सांगतो. त्यामुळे मूळ व्हिटवर्थ पद्धतीच्या ‘अर्ध्या’ पान्याचे तोंड सुमारे ०.९२ इंच उघडे असते, तर अमेरिकन ‘अर्ध्या’चे केवळ ०.५० इंच. भाषाशास्त्रात ज्याला आपण समोच्चारित शब्द म्हणतो, तशीच ही स्थिती होय.

३

मापांची एकता किती मोलाची मानली जाई, याचे उत्तम उदाहरण मॉरिस कंपनीच्या इंजिनांत सापडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेन्ट्री येथे कारखाना काढला. त्यातील यंत्रे मेट्रिक आटे कापणारी होती. युद्धानंतर हा कारखाना मॉरिसची इंजिने बनवू लागला व १९२३ साली मॉरिसनेच तो विकत घेतला. यंत्रे बदलणे खर्चाचे होते; म्हणून आटे मेट्रिकच राहिले. पण इंग्लंडातील मोटारमालकाजवळ, त्याच्या शेजाऱ्याजवळ आणि गावच्या गॅरेजात पाने होते ते व्हिटवर्थचे. यावर उपाय असा काढला गेला की बोल्टचे आटे मेट्रिक ठेवावयाचे, पण त्याचे षट्कोनी डोके व्हिटवर्थ मापाचे करावयाचे. १९४५ ते १९४९ या काळातील एम.जी. टीसी या मोटारीच्या इंजिनातही हीच व्यवस्था आढळते. बोल्टचे अंग परके, पण डोके गावच्या पान्याला ओळखीचे! परक्या धातूला देशी प्रत्यय लावून मराठी क्रियापद चालवावे, तसा हा प्रकार आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व अमेरिका यांच्या मापांतील भेद दोघांनाही जाचक झाला. पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन बनविले, तेव्हा तिला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे स्वतः तयार करावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकीकृत आट्यांचा करार केला.

या करारानंतर व्हिटवर्थचे पाने दुकानांतून हळूहळू दिसेनासे झाले. जुनी वाहने मात्र राहिली. इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबसारख्या संस्थांच्या सभासदांजवळ आता अशी वाहने होती की ज्यांची हत्यारे बाजारात सहजी मिळत नव्हती. जे बाजारात मिळत नाही ते समव्यसनी माणसाकडे मागावे लागते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. मापे सर्वस्वी भिन्न असतील तेथे उसनवारी अशक्य असते. मापे सर्वत्र एक असून हत्यार स्वस्त असेल तेथे ती अनावश्यक होते. माप काही थोड्यांचेच समाईक असते, तेथे ती खरी बहरते. वर्षातून एकदा लागणारा पुलर, किंवा जुने आटे साफ करावयाचा टॅप, प्रत्येकाने घेणे परवडत नाही. दहांमध्ये एकाजवळ असला तरी पुरतो.

४

आपल्या देशात ही परिस्थिती विशेष गुंतागुंतीची झाली. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीपची जोडणी सुरू केली. तिची मापे अमेरिकन. मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडिया स्थापन होऊन बुलेट तयार होऊ लागली. तिची मापे ब्रिटिश. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट आणि बजाजने १९६० च्या दशकात पियाज्जिओच्या परवान्याने बनविलेली वेस्पा या इटालियन घराण्यातील. त्यांची मापे मेट्रिक. तिकडे १९५६ च्या वजने-मापांच्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली. परिणामी एकाच गल्लीतील तीन वाहनधारक शेजारी असूनही एकमेकांच्या पान्यांना परके असू शकत. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचा बुलेटवाला मात्र बुलेटवाल्याला जवळचा ठरे.

या इतिहासाचे थर कारागिरांच्या बोलीत आजही दिसतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक ‘सूत’. चार सुतांचा बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. हे इंचाच्या युगातील माप आहे. त्याच्याच शेजारी ‘दहा-अकरा’, ‘बारा-तेरा’, ‘चौदा-पंधरा’ ही दुतोंडी पान्यांची जोडनावे नांदतात. ती मिलिमीटरची आहेत, पण बोलताना एककाचा उच्चार कोणी करीत नाही. ‘बारा-तेरा दे’ एवढ्यावर भागते. एककाचा असा लोप तेथेच होतो, जेथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच मापाच्या जगात वावरतात.

५

मापाची एकता ही उसनवारीची पहिली अट. विश्वास ही दुसरी. येथे रूढी आणि कायदा यांची तुलना उद्बोधक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात निक्षेपाच्या प्रकरणी याचितकाचा विचार आहे. कलम १५० प्रमाणे, वस्तूतील जो दोष देणाऱ्यास ठाऊक आहे तो त्याने सांगितला पाहिजे. तोंड झिजलेला पाना नटाचे कोपरे खातो, हे जाणणाऱ्यास या कलमाचे मर्म सांगावे लागणार नाही. सामान्य विवेकाचा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितक्या काळजीची अपेक्षा कलम १५१ घेणाऱ्याकडून करते. कलम १५९ नुसार फुकट दिलेली वस्तू मुदतीपूर्वीही परत मागता येते. मात्र त्यामुळे घेणाऱ्यास झालेल्या लाभाहून अधिक हानी होत असेल, तर ती अधिक हानी देणाऱ्याने भरून द्यावयाची असते. इंजिन उघडे पडले असताना पुलर परत मागू नये, हा हौशी मंडळींतील संकेत याच न्यायाचा आहे. आणि वेळेवर परत न केलेल्या वस्तूची त्यापुढील हानी कलम १६१ ने घेणाऱ्याच्या माथी येते. पान्यासाठी न्यायालयात कोणी जात नाही हे खरे. येथे दंड एकच असतो, तो म्हणजे पुढच्या वेळी हत्यार न मिळणे.

६

गेल्या काही दशकांत या व्यवहारापुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींत दोष तपासण्याच्या यंत्रासाठी सोळा पिनांचा एकसारखा जोड सक्तीचा झाला. व्हिटवर्थच्या कार्याचीच ही पुढची पायरी म्हणता येईल. परंतु जोड एक झाला तरी त्यातून मिळणारी सर्व माहिती सर्वांना खुली झाली नाही. पुष्कळशी तपासणी कारखान्याच्या परवान्याने बांधलेल्या संगणकप्रणालीवरच होते. पाना हाती देता येतो. दुसऱ्याच्या नावाचा परवाना उसना देता येत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला, आणि भारत सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती या पार्श्वभूमीवर. १८४१ पूर्वी मापे भिन्न होती ती अनास्थेमुळे. आज ती भिन्न ठेवली जातात ती हेतुपुरस्सर, हा दोहोंतील फरक दृष्टिआड करता येत नाही.

सारांश, हत्यारांची उसनवारी ही केवळ सद्भावाची बाब नसून समाईक मापावर उभी असलेली संस्था आहे, आणि माप कोणाच्या हाती आहे यावर तिचे आयुष्य अवलंबून आहे. तिचा इतिहास लेखी साधनांत फारसा सापडत नाही. तो सुतांत, जोडनावांत आणि गॅरेजांतील बोलीत साठलेला आहे. इंचाची मापे वापरलेले कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या शब्दांचे जिल्हावार संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास भाषा आणि इतिहास या दोन्ही विषयांना त्याचा लाभ होईल.