उकडलेले अंडे, आणि ते न खाणाऱ्या घरांत त्याच्या जागी काय

क्षयरोगाचे औषध सुरू झाले, बाळंतपण झाले, मोठे ऑपरेशन झाले किंवा हाड मोडले, की डॉक्टर सांगतात, ‘प्रथिने वाढवा, रोज एक-दोन अंडी द्या.’ बुलढाणा जिल्ह्यात अनेक घरांची अडचण इथेच सुरू होते. कोणाच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कोणाचा गुरुवार असतो, कोणाकडे स्वयंपाकघरात अंड्याचे भांडे चालत नाही. मग अंडे नाकारले जाते आणि त्याच्या जागी बिस्किटे, नारळपाणी, फळे येतात. पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत. रुग्णाचे नुकसान अंडे न खाल्ल्याने होत नाही, त्याच्या जागी दुसरे काही न दिल्याने होते.

अंडे शाकाहारी आहे का?

आपल्या देशातील अन्नपदार्थांच्या नियमांनुसार अंडे मांसाहारात मोडते, म्हणून अंडे असलेल्या पाकिटावर हिरवी नव्हे तर तपकिरी खूण असते. मात्र दुकानात मिळणाऱ्या पोल्ट्रीच्या अंड्यात जीव नसतो. तिथे कोंबड्यांसोबत कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे त्या अंड्यातून पिल्लू निघू शकत नाही. एवढ्यासाठी काही शाकाहारी मंडळी अंडे खातात, काही खात नाहीत. हा निर्णय तुमचा आहे, डॉक्टरचा नाही. पण रुग्णाला न सांगता पिठात किंवा दुधात अंडे घालू नका. हे उघड झाले, की तो तुमच्या हातच्या गोळ्यांकडेही संशयाने पाहू लागतो.

खाणार असाल तर नीट उकडा

एका मध्यम अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. निम्म्याहून थोडी जास्त पांढऱ्या भागात, बाकीची पिवळ्या बलकात. बलकातच बी-१२ जीवनसत्त्वही असते, म्हणून अशक्त रुग्णाने बलक काढून टाकू नये.

अंडी पातेल्यात एका थरात ठेवा, वर बोटभर पाणी येऊ द्या आणि मध्यम आचेवर उकळी आणा. उकळी फुटल्यापासून १० ते १२ मिनिटे मोजा. बुलढाणा शहर घाटावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. तिथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळते, म्हणून घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा एखादे मिनिट जास्त द्या. नंतर अंडी लगेच गार पाण्यात टाका. त्यामुळे टरफल सहज सुटते आणि बलकाभोवती हिरवट कडा येत नाही. ती कडा दिसली तरी घाबरू नका. जास्त वेळ उकळल्याने अंड्यातील लोह आणि गंधक एकत्र येऊन ती तयार होते, विष नव्हे.

तडकलेले अंडे आणू नका. फोडल्यावर वास आला तर टाकून द्या. रुग्ण, गरोदर स्त्री, लहान मूल आणि वृद्ध यांना अर्धकच्चे अंडे देऊ नये, कारण त्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. तालमीतल्या सवयीने काही जण दुधात कच्चे अंडे फेटून पितात. त्यात ताकद जास्त असते हा समज उलटा आहे. कच्च्या अंड्यातील सुमारे निम्मीच प्रथिने शरीराला मिळतात, शिजवलेल्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास.

उकडलेले अंडे दोन तासांच्या आत खावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा एका तासात. शेतावर किंवा एसटीच्या प्रवासात डब्यात नेणार असाल तर हा हिशेब आधी करा. फ्रिजमध्ये सोलल्याशिवाय ठेवले तर आठवडाभर टिकते. ‘अंडे उष्ण पडते’ म्हणून उन्हाळ्यात ते बंद करण्याचे कारण नाही. उन्हाळ्यातल्या जुलाबामागे बहुधा तासन्तास बाहेर राहिलेले अंडे किंवा न धुतलेले हात असतात. गावरान आणि पोल्ट्रीच्या अंड्यांतील प्रथिनांत विशेष फरक नसतो, तेव्हा गावरानसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

न खाणाऱ्यांनी काय द्यावे?

आधी केळ्याबद्दल. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्या मुलाला केळे किंवा दुसरे फळ देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी बंद केला. योजनेचे काहीही होवो, पण ‘अंडे नाही तर केळे’ हे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे. केळे चांगले फळ आहे, मात्र एका केळ्यात जेमतेम १ ग्रॅम प्रथिने असतात. अंड्याची जागा ते घेऊ शकत नाही.

एका अंड्याइतकी प्रथिने हवी असतील तर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे द्या. किंवा एक ग्लास दूध, ३० ग्रॅम पनीर, २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. सोयाबीनच्या वड्या तर कोरड्या १२ ग्रॅमच पुरतात. पिठल्यात माणशी ३० ग्रॅम बेसन पडले, तर तेही एका अंड्याच्या तोडीचे होते. मात्र पिठले घट्ट हवे. पातळ पिठले आणि वरचे वरण म्हणजे बहुतांशी पाणी. पिठल्यासोबत भाकरी असू द्या. ज्वारीत जे प्रथिनघटक कमी असतात ते हरभऱ्यात असतात, हरभऱ्यात कमी पडणारे ज्वारीत. (शेगावच्या कचोरीतही डाळ असते, हे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. असते, पण मैदा आणि तेल तिच्याहून जास्त.)

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकते, पण घरात परत येते ते तेलाच्या पिशवीतून. त्याचे दाणे कच्चे दळू नका, कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन अडवतात. दाणे भिजवून उकळा, वाळवून भाजा आणि मग नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणा. पोळीची चव फारशी बदलत नाही.

बी-१२ मात्र डाळींत आणि सोयाबीनमध्ये नसते. दूध-दही रोज हवे. हातपायांना मुंग्या येत असतील किंवा तोंड वारंवार येत असेल तर रक्ततपासणी करून घ्या.

अंड्याशिवाय रुग्ण सावरतो का, असे नातेवाईक विचारतात. झारखंडमध्ये क्षयरुग्णांवर झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णांना दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या होत्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये जमा होतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). ते फळांच्या रसावर आणि प्रोटीनच्या महागड्या डब्यांवर न घालवता डाळ, शेंगदाणे, दूध आणि चालत असेल तर अंडी यांवर खर्च करा.

किती, आणि कोणी थांबावे?

निरोगी प्रौढाला किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला ४० ग्रॅमच्या पुढे. आजारपणात त्याहून जास्त. एका अंड्याने किंवा मूठभर फुटाण्यांनी हे भागत नाही. ते दोन जेवणांच्या मधले खाणे आहे. जेवणात डाळ हवीच.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातले काहीही स्वतःहून वाढवू नका. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात, सुरू झाल्यावर वाढवावी लागतात. कोणाला किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. मधुमेह किंवा हृदयरोग असल्यास रोज एक अंडे चालेल का, हेही विचारून घ्या. रक्तदाब असेल तर अंड्यावर मीठ नको, मिरपूड चालेल. सहा महिन्यांपुढच्या बाळाला पूर्ण शिजलेले अंडे कुस्करून, थोडेसेच देऊन पाहा. अंगावर गांधी उठल्या किंवा उलट्या सुरू झाल्या तर अंडे थांबवून डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.