एकाच गाडीबद्दल दोन साक्षी : सुबारू ३६० आणि मालकांची मतं वाचण्याची रीत

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो : "लोकांचे अनुभव इतिहासाचं साधन म्हणून चालतात का? ते तर व्यक्तिनिष्ठ असतात." प्रस्ताव मांडताना समितीतलं कोणीतरी हे विचारतंच, आणि तिथे आपली त-त-प-प होते. म्हणून आज सिद्धांत बाजूला ठेवू आणि एक ठोस उदाहरण घेऊ : सुबारू ही जपानी गाडी आणि ती वापरणाऱ्यांची तिच्याबद्दलची मतं.

आधी दोन साक्षी समोरासमोर ठेवू या.

पहिली साक्ष जपानची. मार्च १९५८ मध्ये तिथे सुबारू ३६० ही चिमुकली गाडी आली. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'तेंतोमुशी', म्हणजे पाठीवर ठिपके असलेला गोलमटोल लेडीबर्ड किडा. नावातच लाड आहे. १९७१ पर्यंत तिच्या ३ लाख ९० हजारांहून जास्त गाड्या तयार झाल्या. आजही जपानमध्ये तिचं नाव निघालं की 'आमच्या घरची पहिली गाडी' या सुरातच बोललं जातं.

दुसरी साक्ष अमेरिकेची. १९६८ मध्ये हीच गाडी तिथे गेली. १९६९ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने ती तपासली आणि 'स्वीकारार्ह नाही' असा शेरा मारला. ताशी ५० मैलांचा वेग गाठायला तिला सुमारे ३७ सेकंद लागले. दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे चालत्या गाडीत दार निसटलं तर वाऱ्याने सताड उघडणार. अमेरिकेत जेमतेम १० हजारांच्या आसपास गाड्या खपल्या आणि तिचा धंदा तिथेच बसला.

आता सांगा, खरं कोण बोलतंय? आपल्याला वाटतं की यातली एक साक्ष निवडायची आणि दुसरी फेकून द्यायची. तसं करू नका. आधी गाडी कुठून आली ते बघू.

विमानं बंद झाली, मग?

१९१७ मध्ये चिकुहेई नाकाजिमा या माजी नौदल अभियंत्याने गुन्मा प्रांतातल्या ओता भागात विमानसंशोधनाचं काम सुरू केलं. त्यातून उभी राहिलेली नाकाजिमा एअरक्राफ्ट ही दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानमधली एक सगळ्यात मोठी विमान कंपनी झाली होती. १९४५ मध्ये जपान हरला आणि अमेरिकी प्रशासनाने विमानं बनवण्यावर बंदी घातली. हजारो कुशल हात एका रात्रीत रिकामे झाले.

कंपनीने नाव बदललं, फुजी सांग्यो केलं, आणि जमेल ते बनवायला घेतलं. १९४६ ची 'रॅबिट' स्कूटर त्यातूनच आली. तिच्या पहिल्या नमुन्याला बाँबर विमानाच्या शेपटीची उरलेली चाकं लावली होती असं सांगतात. पुढे १९५० मध्ये मोठे उद्योगसमूह मोडण्याच्या धोरणाखाली या कंपनीचे १२ तुकडे झाले. त्यातल्या पाच कंपन्या १९५३ मध्ये पुन्हा एकत्र आल्या आणि फुजी हेवी इंडस्ट्रीज तयार झाली. पहिले अध्यक्ष केंजी किता यांनी गाडीला नाव दिलं सुबारू.

हे नाव आपल्याला परकं नाही. सुबारू म्हणजे आपल्या कृत्तिका. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा कृत्तिकांचा तोच तारकापुंज. पाच कंपन्या आणि त्यांच्यातून बनलेली एक मोठी, म्हणून बोधचिन्हावर पाच लहान आणि एक मोठा, असे सहा तारे आहेत. कंपनीने स्वतःचं नाव मात्र २०१७ मध्ये सुबारू केलं, तोवर ते फक्त गाडीचं नाव होतं.

ती गाडी कोणत्या रस्त्यासाठी होती?

सुबारू ३६० ची रचना शिनरोकू मोमोसे यांच्या हाताखाली झाली. ते विमानांच्या इंजिनांवर काम केलेले अभियंते. त्यांच्यासमोर अटी काय होत्या ते बघा. जपान सरकारने 'केई' नावाचा छोट्या वाहनांचा वर्ग आखला होता : लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर, इंजिन ३६० सीसीपर्यंत. या वर्गात कर कमी, नियम सैल, आणि त्या काळी १६ व्या वर्षीही परवाना मिळायचा. एवढ्याशा जागेत चार मोठी माणसं बसवायची होती.

इथे विमानाचं शिक्षण कामी आलं. वेगळी चासी न ठेवता पातळ पत्र्याच्या सांगाड्यालाच सगळा भार पेलायला लावला. छत फायबरग्लासचं केलं. वजन उतरलं ३८५ किलोवर. मागे ३५६ सीसीचं १६ अश्वशक्तीचं इंजिन, वेग जास्तीत जास्त ताशी ८० किलोमीटरच्या थोडा वर.

आकडे वाचून आपल्याला हसू येतं. पण १९५८ च्या जपानमध्ये एकही द्रुतगती महामार्ग नव्हता! पहिला, मेइशिन मार्गाचा तुकडा, १९६३ मध्ये खुला झाला. १९५६ मध्ये महामार्गाच्या पाहणीसाठी बोलावलेल्या अमेरिकी तज्ज्ञांच्या पथकाने जपानचे रस्ते कमालीचे वाईट आहेत असं अहवालात लिहून ठेवलं होतं. कच्चे, अरुंद, खड्ड्यांचे रस्ते. अशा रस्त्यावर ताशी १०० चा वेग कोणाला हवा होता? हवं होतं मऊ सस्पेन्शन आणि चढावर दम न सोडणारं इंजिन. मोमोसेंच्या चमूने चाचण्या घेतल्या त्या आकागी डोंगराच्या कच्च्या घाटात.

आणि ती घेणारा माणूस आधी काय चालवत होता? बहुधा सायकल किंवा स्कूटर. पावसात न भिजता बायको-मुलांना घेऊन जाता येणं हीच त्याची मोठी झेप होती.

आता अमेरिकेत या. तिथे १९५६ पासून आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणलं जात होतं. रस्त्यावर शेजारी दीड-दोन टनांच्या गाड्या. माल्कम ब्रिकलिन आणि हार्वे लॅम या दोघांनी ३६० ची आयात सुरू केली, त्यामागे एक कायद्याची फट होती : १,००० पौंडांपेक्षा हलक्या वाहनांना नव्या संघीय सुरक्षा नियमांतून सूट होती. किंमत १,२९७ डॉलर. जाहिरातीत तर गाडीच्या स्वस्ताईची आणि कुरूपतेचीच बढाई मारली होती. म्हणजे जपानमध्ये जे हलकेपण कौतुकाचं होतं, तेच अमेरिकेत नियम चुकवण्याचं साधन झालं. त्या महामार्गावर ३६० घातक आहे हे मासिकाचं म्हणणं बरोबरच होतं.

दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. मालकाचं मत गाडीबद्दल जितकं सांगतं, त्याहून जास्त रस्त्याबद्दल, कायद्याबद्दल आणि त्याच्या आधीच्या वाहनाबद्दल सांगतं. 'व्यक्तिनिष्ठ' म्हणून ते टाकून दिलं, तर हे सगळं हातचं जातं.

कंपनीच मालकांचं ऐकते तेव्हा

सुबारूचा पुढचा इतिहास याच अंगाने वाचता येतो. १९७० च्या सुमारास ईशान्य जपानमधल्या तोहोकू वीज कंपनीला बर्फातून वीजवाहिन्यांच्या कामावर जाण्यासाठी गाडी हवी होती. जीप चालायची, पण थंडीत ती सोयीची नव्हती. सेंदाईच्या सुबारू विक्रेत्याने साध्या गाडीला चारचाकी चालना बसवून दाखवली. त्यातून १९७२ मध्ये लिओनी ही चारचाकी चालनेची स्टेशन वॅगन आली. वापरणाऱ्याच्या गरजेने ब्रँडची ओळखच बदलली.

दुसरा प्रसंग १९९० च्या दशकातल्या अमेरिकेचा. विक्री घसरली होती. कंपनीने शोध घेतला की आपली गाडी मुळात घेतंय कोण? शिक्षक, आरोग्यसेवेतले लोक, आयटीतले लोक आणि डोंगर-जंगलात भटकणारे, असे गट सापडले. शिवाय नॉर्थॅम्प्टन, पोर्टलंड अशा शहरांत स्वतःच्या कमाईवर घर चालवणाऱ्या अनेक समलिंगी स्त्रिया. त्या काळात मोठ्या कंपन्या या ग्राहकांचं नाव घ्यायला कचरत होत्या. सुबारूने त्यांच्यासाठी जाहिराती केल्या, गाडीच्या नंबरप्लेटवर त्यांनाच कळतील असे संकेत घातले, आणि २००० मध्ये मार्टिना नवरातिलोवा जाहिरातीत आली. या स्त्रियांचं जगणं त्या काळच्या सरकारी कागदांत सहसा सापडत नाही. इथे मात्र एका मोटार कंपनीच्या बाजारसंशोधनात त्यांची नोंद राहिली. साधन कुठे सापडेल सांगता येत नाही, ते असं.

साक्ष जपून वाचा

पण मालकांचं सगळं बोलणं जसंच्या तसं गिळायचं असंही नाही. दोन गोष्टी सांभाळायला लागतात.

एक, जो टिकतो तोच बोलतो. ३६० ची किंमत ४ लाख २५ हजार येन होती. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेल्या नोकरदाराच्या दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त. ज्यांना ती परवडली नाही त्यांची आठवण कोण लिहिणार? आणि ज्यांनी वैतागून ती विकली ते चाळीस वर्षांनी मुलाखत द्यायला येत नाहीत. 'पहिली गाडी' या गोड आठवणींत ही गाळणी आधीच लागलेली असते.

दोन, एकाच माणसाच्या मतात विसंगती असते, आणि ती चूक म्हणून खोडायची नसते. १९९० च्या दशकाच्या शेवटी सुबारूच्या २.५ लिटर बॉक्सर इंजिनात हेड गॅस्केट गळण्याची तक्रार खूप गाजली. दुरुस्ती खर्चिक. तरीही तेच मालक एका वाक्यात गॅस्केटला शिव्या देतात आणि पुढच्या वाक्यात बर्फात या गाडीसारखी गाडी नाही म्हणतात. तक्ता भरताना आपण याला 'समाधानी' लिहायचं की 'असमाधानी'? कुठल्याही एका खान्यात टाकलं की माहिती मेली. तो माणूस एक हिशोब मांडतोय : दुरुस्तीचा खर्च एका पारड्यात, हिवाळ्यातला भरवसा दुसऱ्यात. आपल्याला तो हिशोब हवा आहे.

तुमच्या विषयासाठी

समजा तुम्ही महाराष्ट्रातल्या घरांमधली बजाजची स्कूटर हा विषय घेतलात. मुलाखतीत आजोबा म्हणतील, "चेतकसारखी गाडी परत होणार नाही." वहीत एवढंच लिहून उठू नका. विचारा : त्याआधी घरात काय होतं? नंबर लावून किती वर्षं थांबलात? दुसरी कोणती मिळत होती? कुठल्या रस्त्याने रोज जात होता? चालू होईना तेव्हा तिरकी करायचात ना, मग राग यायचा का? आणि आजींनाही वेगळं बसवून विचारा. मागच्या सीटवरची साक्ष बहुतेक वेळा वेगळी निघते.

समितीत तो प्रश्न आला की मग घाबरायचं कारण नाही. सरळ सांगा : हो सर, मत व्यक्तिनिष्ठ आहे. म्हणूनच मी प्रत्येक मताशेजारी चार रकाने ठेवलेत : कशाच्या तुलनेत, कुठल्या रस्त्यावर, कोणत्या नियमाखाली, आणि कोण बोलायचं राहिलं. पहिले तीन मुलाखतीतून आणि कागदपत्रांतून भरता येतात. चौथा रिकामा राहिला तर तो रिकामाच दाखवा आणि का राहिला ते प्रबंधात लिहा.