पणजोबांचा माग काढताना : बीडच्या जुन्या दप्तरांत सामान्य माणूस कोठे सापडतो?

बीड - आजोबांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पणजोबांचे नाव सांगताना मात्र अनेकांची जीभ अडखळते. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने 7 सप्टेंबर 2023 रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बीडसह सर्व जिल्ह्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली. सामान्य माणसाचे चरित्र कोणी लिहीत नाही. मात्र शासनाने त्याच्याकडून सारा घेतला, त्याला परवाना दिला किंवा कोठडीत टाकले, तेथे त्याचे नाव उरते. शोध घ्यायचा तो अशाच ठिकाणी.

जमीन असेल तर

प्रारंभ आजच्या सातबाऱ्यापासून करावा. त्यावरील फेरफार क्रमांकांच्या आधारे मागे जाता येते. वारसाच्या फेरफारात मृत खातेदार आणि त्याच्या वारसांची नावे येत असल्याने एकेका फेरफाराने एक पिढी उलगडते. गाव नमुना 6-क, म्हणजे वारस नोंदवही, याच कामाची. त्यामागे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक व कुळ नोंदवही यांचा क्रम लागतो. ही कागदपत्रे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, तर मोजणीची कागदपत्रे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात.

जमीन नसेल तर

भूमिहीनांचा माग अधिक कठीण असतो. जन्म-मृत्यू नोंदींचा गाव नमुना 14 आणि शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही हे त्यांचे मुख्य आधार होत. दुय्यम निबंधक कार्यालयातील बटाईपत्रे व भाडेचिठ्ठ्या, अबकारी परवान्यांच्या वह्या, पोलिसांची गुन्हे नोंदवही आणि कारागृहातील कच्च्या कैद्यांची नोंदवही हीही तपासावीत. शासकीय दप्तराबाहेर नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गाव व कुळानुसार नोंद आढळते.

लिपी, सन आणि नावे

बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे वरिष्ठ कचेऱ्यांतील जुने कागद उर्दूत, तर गावपातळीवरील अनेक कागद मोडीत आहेत. जाणकाराची मदत घ्यावी लागते. वर्ष बहुधा फसली सनात असते. त्यात 590 मिळविल्यास इसवी सन मिळतो. 1340 फसली म्हणजे 1930-31. आडनाव अनेकदा नसते. 'अमुक वल्द तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढेच आढळते. गावांची नावेही बदलली आहेत. अंबाजोगाईचे कागद 'मोमिनाबाद' या नावाखाली पाहावेत.

पुरावा म्हणून

जातीच्या दाखल्यासाठी नोंद किती जुनी आहे, याला महत्त्व असते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला. तथापि गॅझेटियरमध्ये समाजांची संख्या असते, व्यक्तींची नावे नसतात. पणजोबांपर्यंत पोहोचण्यासाठी गावचाच कागद लागतो. नोंद सापडली तरी ती आपल्याच पूर्वजाची आहे, हे वंशावळीने सिद्ध करावे लागते. मधली एक पिढी सुटली, की हाती आलेला कागदही निरुपयोगी ठरतो.

पणजीचे काय?

सर्वांत अवघड शोध स्त्रीचा. सारा पुरुषाच्या नावे, खातेही त्याच्याच नावे. तिचे नाव बहुधा पतीच्या निधनानंतर, वारस फेरफारात 'विधवा' या शब्दासह प्रथम उमटते; माहेरचे नाव तेथे नसते. ते घरातील वृद्धांच्या स्मरणातच असते. म्हणून कचेरीची पायरी चढण्यापूर्वी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. दप्तर उद्याही उघडता येईल. स्मरणाला तेवढा अवधी नसतो.